धक्का मोडला, पंचनामा कुणी करायचा?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनारपट्टीवर धडकले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने कोकण झोडपले. अशा वेळी घरांचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे पंचनामे होतात. पण मंडळी, गावाच्या धक्क्याचे काय? तो सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही!

ही दोन्ही वादळे पावसाच्या तोंडावर आली. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे धक्क्याकडे कुणी फिरकत नाही. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की मग आठवण होते. तोवर कोळणीने डोक्यावर पाटी घेऊन चिखल तुडवायचा!

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावेच. धक्का ग्रामपंचायतीचा, मत्स्यव्यवसाय खात्याचा की सागरी मंडळाचा, ते कागद आधीच पाहून ठेवा. वादळापूर्वीचे फोटो आणि मापे दप्तरी असू द्या. वादळानंतर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जाणकार घेऊन खांब खालून तपासा. वरून धडधाकट दिसणाऱ्या धक्क्याच्या सळ्या खाली उघड्या पडलेल्या असू शकतात. त्यावर नुसता गिलावा मारू नका, आत गंज वाढतच राहतो. काँक्रीटला खाडीचे पाणी आणि किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. मीठ सळई खाते. मच्छीमार सोसायटीचा ठराव जोडून पंचनामा लेखी मागा.

शेताचा बांध फुटला तर आपण भर पावसात धावतो ना? धक्का हा कोळ्यांचा बांधच समजा.