‘पान दे मुएर्तो’ : मृतांसाठीचा पाव आणि परंपरेचे प्राचीनत्व

लोकविधींचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा मंत्र, गीत आणि कथा यांकडे जाते. विधीतील खाद्यपदार्थ हा मात्र ‘पूजासाहित्य’ या सदरात टाकला जातो. वस्तुतः पदार्थ हाही विधीचा आशय वाहणारा संकेत असतो. मेक्सिकोतील ‘दिआ दे मुएर्तोस’ म्हणजे ‘मृतांचा दिवस’ या सणासाठी भाजला जाणारा गोड पाव, ‘पान दे मुएर्तो’, हे याचे बोलके उदाहरण होय. येथील स्पॅनिश ‘पान’ म्हणजे पाव. मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असल्याने दोन्ही शब्द लॅटिन ‘पानिस’चेच वंशज ठरतात.

हा सण मुख्यतः १ व २ नोव्हेंबर रोजी पाळला जातो. सर्वसाधारण समजुतीनुसार पहिला दिवस मृत बालकांचा, दुसरा प्रौढांचा. युनेस्कोने २००८ साली मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. या दिवसांत घरोघरी ‘ओफ्रेंदा’ म्हणजे अर्पणाची मांडणी केली जाते : मृताचे छायाचित्र, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूप, झेंडूची फुले, मृताचे आवडते पदार्थ आणि हा पाव.

पावाची कृती संयमाची परीक्षा पाहणारी आहे. मैदा, अंडी, लोणी, साखर, दूध व यीस्ट हे तिचे मुख्य घटक. अर्धा किलो मैद्याला चार-पाच अंडी आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास लोणी घेतले जाते. स्निग्धांश व साखर अधिक असल्याने हे पीठ साध्या पावाच्या पिठापेक्षा सावकाश फुगते. म्हणून ते दीर्घकाळ मळून दोनदा विसावू द्यावे लागते. सुगंधासाठी संत्र्याच्या सालीचा कीस, अनिसाचे बडीशेपेसारखे दाणे किंवा संत्र्याच्या फुलांचा अर्क घालतात. या अर्काचे स्पॅनिश नाव ‘आसाआर’ मूळचे अरबी आहे. म्हणजे पावाच्या वासातही अरबांच्या स्पेनमधील वास्तव्याचा इतिहास मुरलेला आहे. पाव भाजून निघाला की त्याला लोणी लावून वर साखर पेरली जाते.

या पावाचा खरा संकेत त्याच्या घडणीत आहे. गोल गोळ्यावर पिठाच्या बोटाने दाबून गाठाळ केलेल्या वळ्या एकमेकींना छेद देत ठेवतात. त्या हाडे होत. मध्यावरील लहान गोळा ही कवटी. वळ्यांच्या छेदात कोणी क्रूस पाहतो, कोणी चार दिशा. तथापि हे रूप सार्वत्रिक नाही. पुएब्लाकडे साखरेऐवजी तीळ लावलेला पाव आढळतो. ओआहाकात अंड्याच्या बलकाने समृद्ध अशा पावात रंगवलेला चिमुकला चेहरा बसवतात. काही ठिकाणी पावाला मनुष्याकृतीच देतात. रूपे वेगळी असली तरी मृताला देह देण्याची प्रेरणा त्यांत समान दिसते.

उगमाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. नरबळीचे हृदय अर्पण करण्याच्या प्रथेऐवजी स्पॅनिशांनी लाल साखर लावलेला पाव रूढ केला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती इतिहास म्हणून स्वीकारण्यापेक्षा रूढ आचाराचे कारण मागाहून सांगणारी कथा म्हणून वाचणे अधिक योग्य. अस्तेक राजधानीचा १५२१ साली पाडाव होण्यापूर्वी मेक्सिकोत गहू नव्हता. मात्र राजगिऱ्याच्या पिठात घायपाताच्या वर्गातील मॅगे वनस्पतीचा गोड रस मिसळून देवांच्या मूर्ती घडवण्याची आणि त्या खाण्याची चाल होती. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिची नोंद केली. दुसरीकडे, मृतांच्या स्मरणदिनी ‘पान दे आनिमास’ म्हणजे ‘आत्म्यांचा पाव’ करण्याची रीत स्पेनमध्येही होती. स्टॅन्ली ब्रँडिस या मानववंशशास्त्रज्ञाने २००६ सालच्या आपल्या ग्रंथात या सणाच्या युरोपीय व वसाहतकालीन घडणीवर भर दिला आहे. तेव्हा आजच्या पावाला एका सरळ वंशावळीत बसवणे दुष्कर आहे.

परंतु उगम मिश्र ठरला म्हणून विधी कृत्रिम ठरतो काय? मराठी अभ्यासकाला याचे उत्तर आपल्या दारावरच्या तोरणात मिळू शकेल. ज्या झेंडूवाचून महाराष्ट्रात दसऱ्याची कल्पना करवत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडील. उपवासाचा राजगिराही अमेरिका खंडातूनच आलेला. गहू तिकडे गेला, झेंडू इकडे आला. आणि दोन्हीकडे परका पदार्थ पवित्र झाला. पावित्र्य वस्तूच्या वयातून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आचरणातून ते तिला प्राप्त होते. प्राचीनत्व सिद्ध झाल्याखेरीज परंपरेला मोल नाही, हा आग्रह म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

ओफ्रेंदावरील पावाचा सुगंध मृत घेतात आणि उरलेला पाव जिवंत माणसे वाटून खातात, अशी श्रद्धा आहे. याउलट साखरेच्या कवट्या कपाळावर नाव घालून जिवंत स्नेह्यांना भेट दिल्या जातात. मृताला अन्न आणि जिवंताला कवटी, अशी ही अदलाबदल आहे. अलीकडे हा पाव सणाच्या कितीतरी आधीपासून दुकानांत मिळतो, त्यात सायीचे व चॉकलेटचे सारणही भरले जाते. त्यामुळे तो केवळ मिठाई होऊन राहील, ही भीती अनाठायी नाही. मात्र गेलेल्या एखाद्या माणसाच्या छायाचित्रापुढे तो ठेवला जातो, तेव्हा बाजारातून आणलेला पावही पुन्हा विधीचा भाग होतो. पदार्थाचा अर्थ त्याच्या पाककृतीत संपत नाही; तो कोणासाठी ठेवला आहे, यावर तो अवलंबून असतो.