सुप्याचे जळालेले रोखे व लोकल फंडाची शाळा

जुने कागद जळाल्याची वार्ता ऐकून संग्राहकास काय वाटतें हें या पत्राच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. सुपें म्हटलें म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरींतील परगणा म्हणून त्याचें स्मरण आपणांस प्रथम होतें. परंतु त्याच सुप्याच्या बाजारपेठेंत दि. १२ मे १८७५ रोजीं जे कागद जळाले, त्यांचा विचार आपण सहसा करीत नाहीं. त्या जळिताचा गांवोगांवच्या शाळांशीं संबंध काय, व अनेक गांवांनीं पैसा एकत्र करून शाळा चालविण्याची रीत या प्रांतांत कशी पडली, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. हल्लीं तें बारामती तालुक्यांत आहे. वरील दिवशीं आसपासच्या गांवचे कुणबी तेथें जमले व त्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. पुढें पुणें व नगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवीं हें लोण पसरलें. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा व दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे हीं त्याचीं कारणें सर्वश्रुत आहेत. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनाच्या नजरेस जी मुख्य गोष्ट आली ती ही कीं, लोकांचा रोख माणसांवर नसून कागदांवर होता. जेथें कागद मुकाट्यानें मिळाले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं.

कागदांवरच राग कां? ज्यांनीं असे रोखे पाहिले आहेत त्यांस याचें उत्तर रोख्याच्या तळाशीं सांपडेल. तेथें ऋणकोचें हस्ताक्षर नसतें, ‘निशाणी नांगर’ असते. मुद्दल किती, व्याज काय, मुदत कोणती, हें त्यानें कानांनीं ऐकलेलें. डोळ्यांनीं वाचलेलें नव्हे. आमच्या धर्मशास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. ऋणकोनें लेख्याखालीं स्वहस्तानें संमति लिहावी, फेड केलेली रक्कम त्याच लेख्याच्या पाठीवर मांडावी, व ऋण फिटल्यावर लेख्य फाडून टाकावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. ज्यास लिपि येत नाहीं त्यानें सर्व साक्षीदारांसमक्ष दुसऱ्याकडून आपली संमति लिहवावी, असा निर्णय टीकाकारांनीं स्मृतिवचनांच्या आधारें दिला आहे. नियम उत्तम खरा. परंतु लिहिणारा, साक्षीदार व धनको हे एकाच पेठेंतले असले म्हणजे त्याचा उपयोग किती होणार? सुप्यास जो कागद फेडीनंतर फाटावयाचा तो फेडीवांचून जळाला, इतकाच फरक.

त्या काळीं गांवांत शाळाच नव्हत्या असें मात्र नाहीं. पंतोजींच्या शाळा होत्या. त्यांत धुळाक्षरें, मोडी, उजळणी, पावकी, निमकी शिकवीत. परंतु त्या बहुधा ब्राह्मण, वाणी व वतनदार यांच्या मुलांनीं भरत, व ज्याच्या त्याच्या ऐपतीवर चालत. पंतोजी गांव सोडून गेला कीं शाळा मोडली. याच टापूंत, बारामतीस, अठराव्या शतकांत मोरोपंतांसारख्या पंडित कवीनें वास्तव्य केलें. आणि तेथून कांहीं कोसांवरच्या कुणब्यास स्वतःचा रोखा वाचतां येत नव्हता. विद्या होती, ती वांटली जात नव्हती.

हें वांटप एकट्या गांवाच्या हातून होण्यासारखें नव्हतें. सन १८६३ पासून मुंबई इलाख्यांत साऱ्याच्या दर रुपयावर एक आणा लोकल फंड घेण्यास प्रारंभ झाला, व १८६९ च्या कायद्यानें त्यास आधार मिळाला. या आण्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे व एक हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे बारा रुपये सारा भरणारा कुणबी बारा आणे लोकल फंड देई व त्यांतील चार आणे शाळेस पोंचत. एका गांवाचे चार-चार आणे मिळून पंतोजीचें पोट भरलें नसतें; अनेक गांवांचे मिळून शाळा उभी राहूं शकली.

परंतु दोष येथेंच शिरला. आणा प्रत्येक गांवानें दिला. शाळा प्रत्येक गांवास मिळाली नाहीं. सुप्याचे रोखे जळाल्यानंतर सात वर्षांनीं, १८८२ सालीं, हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं हेंच बोट ठेवलें. इलाख्यांतील सुमारें नऊ-दशांश गांवांत प्राथमिक शिक्षणाची कांहींच सोय नाहीं असें सांगून, निदान बारा वर्षांपर्यंत तें सक्तीचें करावें, अशी त्यांनीं मागणी केली. सरकारनें १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें ग्रामनिबंधक नेमले. खत त्यांच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें व शेतकऱ्यास पावती व खातेपुस्तक मिळावें, असें ठरविलें. हा उपाय काठीसारखा होता. काठीनें चालतां येतें, दृष्टि येत नाहीं.

पुढें १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें आलीं, १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा त्यांच्या हवालीं झाल्या, व १९६२ पासून जिल्हापरिषदा आल्या. सरकारी आण्याबाहेरहि लोकांनीं मार्ग काढला. १९१९ सालीं भाऊराव पाटील यांनीं स्थापिलेली रयत शिक्षण संस्था गांवोगांवच्या मूठ-मूठ धान्यावर वाढली, हें महाराष्ट्रास विदित आहे. तरीहि हें काम लवकर पुरें झालें नाहीं. मुलांच्या प्रगतिपत्रकावर पालकांचे अंगठे आम्हीं स्वतः घेतले आहेत. त्या प्रत्येक अंगठ्यांत आम्हांस नांगराची निशाणी दिसे.

हा प्रश्न केवळ गतकाळचा नव्हे. २००९ च्या कायद्याखालील नियमांनीं पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी असें ठरविलें. सन २०२३ मध्यें मात्र, वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव महाराष्ट्र शासनानें मागविले. पुणें जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबारांतील तोरणमाळ हीं उदाहरणें त्यासाठीं पुढें ठेविलीं गेलीं. अनेक गांवांनीं एकत्र येण्यास आमचा विरोध नाहीं. लोकल फंडाची शाळा त्यांतूनच निघाली. मात्र त्या फंडाचा धडा असा कीं, सहकार्याची पारख मोठ्या गांवीं उभ्या राहिलेल्या इमारतीवरून करूं नये. शेवटच्या वाडींतलें पोर तेथपर्यंत पोंचतें कीं नाहीं, यावरून ती करावी.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा व महजर आपण जपतोंच. परंतु नांगराची निशाणी असलेले रोखे, लोकल फंडाच्या पावत्या, मोडक्या शाळांचीं हजेरीपत्रकें व शेरेबुकें हीं रद्दींत जातात. सुप्यास काय जळालें याची यादी आतां होणें नाहीं. कां जळालें याचा पुरावा मात्र या कागदांत अद्याप शिल्लक आहे.