दगड हलतो कसा?

आमच्या पडेगावहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद ओलांडलं की वेरूळ. तिथलं सोळावं लेणं म्हणजे कैलास मंदिर, आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. त्याच्या दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास पर्वतच उपटायला निघालाय! सहलीत एकाने विचारलं, "बाई, डोंगर हलतोय हे कशावरून? दगड तर जागचा हलत नाही."

प्रश्न अगदी बरोबर. मी म्हटलं, "आधी रावणाकडे बघूच नका. वर बघा."

पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय. तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. हादरा दिसतो तो या दोघींच्या अंगात! शंकर मात्र निवांत, नुसता पाय दाबून.

आता खाली या. रावणाचे हात चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेत, भोवती खोल अंधार. हा अंधार शिल्पकाराने दगड पोखरून मुद्दाम केला असावा, असं मला वाटतं.

कथेत पुढे रावण डोंगराखाली दबतो, शंकराची स्तुती करून सुटतो. शिल्पात तो अजून जोर लावतोय. मग पाय दाबून झालाय, की आता दाबणार? परतताना बसमध्ये यावरून पोरांचं भांडण पडेगावपर्यंत मिटलं नाही.