'दोन दिवसांत येतो'

जपानमध्ये वयाची शंभरी गाठलेल्यांची संख्या सप्टेंबर 2025 मध्ये 99,763 झाली आणि त्यात 88 टक्के बायका आहेत, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. 1963 साली मोजदाद सुरू झाली तेव्हा असे जेमतेम 153 जण होते. शंभरी गाठणाऱ्याला तिथलं सरकार साके प्यायची चांदीची वाटी भेट देतं. खर्च झेपेना म्हणून 2016 पासून ती नुसत्या चांदीच्या मुलाम्याची झाली. पण माझं लक्ष वाटीकडे नाही, वाटी घेणाऱ्या आजीला बाथरूमपर्यंत धरून नेणाऱ्याकडे आहे. तो त्या दिवशी ऑफिसला गेला का?

घरच्या म्हाताऱ्या माणसाचं करायला नोकरी सोडणं, याला जपानीत रीतसर शब्दच आहे: 'काइगो रिशोकु'. वर्षाला लाखभर माणसं अशी नोकरी सोडतात. 2015 मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी हा आकडा शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. तो काही शून्यावर आला नाही.

कायद्यात तरतूद नाही असं मात्र नाही. एका आजारी नातलगामागे 93 दिवसांची रजा मिळते, तीन हप्त्यांत घेता येते आणि रोजगार विम्यातून 67 टक्के पगार हातात पडतो. खरी गोम या 93 दिवसांतच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं चार-पाच वर्षं करावं लागतं, तिथे तीन महिने कुठे पुरणार? त्यावर तिथल्या श्रम मंत्रालयाचं उत्तर मला भलतंच आवडलं. ही रजा सेवा करण्यासाठी नाहीच, सेवेची व्यवस्था लावण्यासाठी आहे! या दिवसांत केअर मॅनेजर गाठायचा, दिवसभराचं पाळणाघर (हो, म्हाताऱ्यांचं) ठरवायचं, घरी येणारी मदतनीस लावायची आणि कामावर परतायचं. हे जमतं, कारण 2000 पासून तिथे शुश्रूषा विमा आहे आणि चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाकडून त्याचा हप्ता कापला जातो. एप्रिल 2025 पासून तर कर्मचारी चाळिशीला आला की या सगळ्याची माहिती त्याला देणं कंपनीवर बंधनकारक झालंय.

तरीही रजा घेणारे मोजकेच. साहेबापुढे आईच्या लंगोटाचा विषय काढायचा कसा? शिवाय 'सून आहे ना घरी' हे तिकडेही होतंच. सावाको आरियोशी यांनी 1972 साली 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका नोकरी करता करता भ्रमिष्ट सासऱ्याचं सगळं करते. दहा लाखांवर प्रती खपल्या. विमा त्यानंतर 28 वर्षांनी आला.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये राज्यसभेत हाच प्रश्न आला. मंत्री जितेंद्र सिंह यांनी सांगितलं, की केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाची 30 दिवसांची अर्जित रजा आईवडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते. म्हणजे त्याचीच रजा त्यालाच! गावाला जायची, मुलीच्या लग्नाची, तीच आईचीही. आणि हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारा? आई पडल्याचा फोन आला की तो मॅनेजरला सांगतो, किती दिवस लागतील असं विचारल्यावर 'दोन दिवसांत येतो' म्हणतो आणि बॅगेत लॅपटॉप टाकून सोलापूरची गाडी पकडतो.