मुलगी मामाकडे, आई वसतिगृहात

मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात 1940 मध्ये ए. ललिता विद्युत शाखेत दाखल झाल्या. वय विशीचं, नवरा वारलेला, पदरी लहानगी श्यामला. पदवीपत्रावर छापलेलं इंग्रजी ‘ही’ खोडून शाईनं ‘शी’ करावं लागलं, हा किस्सा सगळे चवीनं सांगतात. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. त्या वर्षांत श्यामला कुठे होती? मामाकडे. आई वसतिगृहात, भेट शनिवार-रविवारी. ललितांचे वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात प्राध्यापक, त्यामुळे प्रवेशासाठी प्राचार्य चाको यांच्याकडे शब्द टाकायला घरचाच माणूस होता. पुढे सिमल्यात नोकरी, मद्रासला वडिलांसोबत थोडं संशोधन आणि 1948 पासून कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज. भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी तिथेच काम केलं. सिमला काय, कलकत्ता काय, मुलीसह राहायला भावाचं घर होतं. ललितांची जिद्द मोठीच. पण माहेर भक्कम होतं, ही गोष्ट आपण उगीच एका ओळीत उरकतो.

आज त्याच गिंडीच्या आसपास, अण्णा विद्यापीठात किंवा आयआयटीत, पीएचडी करणाऱ्या आईचं माहेर नागपूरला असतं, नाहीतर साताऱ्याला. आजी येते, महिना-दोन महिने राहते, चेन्नईच्या उकाड्याला कंटाळते आणि परत जाते. प्रयोग तर घड्याळ बघत नाहीत. धातूच्या नमुन्यावर थकवा-चाचणी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देण्याची चाचणी, लावली आणि यंत्र सेकंदाला 10 आवर्तनं करत असलं, तर दहा लाख आवर्तनांना जवळपास 28 तास लागतात. पाळणाघर संध्याकाळी बंद होतं. रात्री यंत्र मध्येच थांबलं तर बघायला कोण जाणार?

नियम अगदीच कोरडे नाहीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीच्या काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते, आणि स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही आहे. पगारी इंजिनिअरला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा मिळते. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायला हवं, ही तरतूद 2017 च्या कायदादुरुस्तीनं आणली. मेख अशी की संशोधक विद्यार्थिनी सहसा कर्मचारी म्हणून धरलीच जात नाही. शिवाय नोंदणीची मुदत वाढली म्हणून पाठ्यवृत्ती आपोआप लांबत नाही. जेआरएफ आणि एसआरएफ या कनिष्ठ-वरिष्ठ पाठ्यवृत्त्या मिळून पाचच वर्षं. बाळंतपणानंतर काम रेंगाळलं, की शेवटचं प्रकरण लिहायच्या दिवसांतच पैसे थांबतात, आणि पाळणाघराची फी तेव्हाही दर महिन्याला भरायची असते.