कोंबडीच्या पिलांचा आहार : पहिले सहा आठवडे

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा उल्हास नदीच्या खोऱ्यातील टापू मुळात भातशेतीचा. आज येथे कारखाने व दाट वस्ती उभी असली, तरी आसपासच्या गावांत व पाड्यांत परसात कोंबड्या पाळण्याची चाल टिकून आहे. घरच्या मुलांना अंडी मिळतात आणि अडीनडीला एखादा कोंबडा विकून चार पैसे हाती येतात. परंतु विकत आणलेली पिल्ले पुष्कळदा पहिल्या महिन्यातच दगावतात. अशा वेळी दोष रोगाला दिला जातो. खरे कारण मात्र अनेकदा पिलांपुढे टाकलेल्या दाण्यात असते.

नुसत्या कण्या का पुरत नाहीत

पूर्वी घरोघरी खुडूक कोंबडीखाली अंडी उबवीत. पिल्ले निघाली की गृहिणी मूठभर कण्या टाकी आणि पिल्ले वाढत. त्यावरून कण्या हेच पिलांचे अन्न, असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात कोंबडी दिवसभर उकिरडा व बांध उकरून वाळवी, अळ्या आणि किडे पिलांपुढे टाकीत असे. तांदळात प्रथिने शेकडा ७ ते ८ असतात, तर वाढत्या पिलास शेकडा २० च्या सुमारास लागतात. ही तूट कोंबडी भरून काढी.

आज परसासाठी आणली जाणारी पिल्ले बहुधा सुधारित जातींची असतात. हैदराबादच्या संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज व बंगळूर येथे तयार झालेली गिरिराज या त्यांपैकी होत. ही पिल्ले यंत्रात उबवलेली असल्याने त्यांच्यापाशी आई नसते. त्यातच वस्तीतील अंगणे अरुंद व फरसबंद झाली आहेत. अशा पिलांना केवळ कण्या घातल्यास वाढ खुंटते, पिसे नीट येत नाहीत आणि अंगात रोगाला तोंड देण्याची शक्ती राहत नाही.

अन्न कसे पचते

पिलाला दात नसतात. टिपलेले अन्न प्रथम गळ्याजवळच्या पिशवीत साठून भिजते. तेथून ते जठरात जाते व पाचक रस मिसळून पेषणीत, म्हणजे खाटकाच्या दुकानी ज्यास पेटा म्हणतात त्या जाड स्नायूच्या अवयवात, दळले जाते. नवजात पिलाची पेषणी दुबळी असते. म्हणून आरंभी अन्न बारीक भरडलेले असावे.

तयार भरडा चालू असेल तोवर खड्यांची गरज नसते. अख्खे दाणे किंवा हिरवा पाला सुरू केल्यावर मात्र जाडसर स्वच्छ वाळू निराळ्या भांड्यात ठेवावी. ती पेषणीत जात्याचे काम करते. शिंपल्यांचा चुरा हा तिला पर्याय नव्हे. तो पोटात विरघळतो आणि त्यातील चुना अंड्यावरील कोंबडीसाठी असतो. याच कारणाने अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य पिलांना देऊ नये. त्यातील जादा चुन्याने पिलांचे मूत्रपिंड बिघडते.

काय व कसे द्यावे

अंड्यातील बलकाचा शिल्लक भाग पिलाच्या पोटात असतो व त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. तरीही पिल्ले घरी पोहोचताच प्रथम स्वच्छ, कोमट पाणी पाजावे व लगेच खाद्य द्यावे. अन्न लवकर मिळाल्यास आतड्यांची वाढ चांगली होते. पाण्याचे भांडे उथळ असावे, म्हणजे पिल्ले बुडणार नाहीत.

पहिले चार आठवडे बाजारातील पिलांचे तयार खाद्य देणे उत्तम. पुढे घरी मिश्रण करावयाचे झाल्यास मक्याचा भरडा ४५ भाग, सोयाबीन पेंड २५, ताजा तांदळाचा कोंडा २०, सुकट ८ व क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण २ भाग, असे प्रमाण ठेवावे. मक्याऐवजी काही अंशी कण्या चालतात. सुकट बिनमिठाची व दळलेली असावी. खारवलेल्या मासळीतील मीठ पिलांना विषासारखे बाधते. बुरशी आलेली पेंड किंवा मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण बुरशीच्या विषाने यकृत निकामी होते.

ऊब व कोरडेपणा

पहिल्या आठवड्यात पिलांजवळ सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी व ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी. गारठलेले पिल्लू खात नाही आणि खाल्लेले त्यास पचत नाही. एलईडी दिव्याने पुरेशी ऊब मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पिल्ले एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे, दूर पळून धापा टाकू लागली तर अधिक आहे, असे समजावे.

खाली भाताचे तूस पसरून पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरावा, नाहीतर पिल्ले तूसच टिपतात. या भागातील पावसाळ्यात तूस लवकर ओले होते. रक्ती हगवणीचे जंतू ओलसर उबेत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम बनतात. म्हणून ओले तूस त्याच दिवशी काढावे व पाणी सांडू देऊ नये.

विष्ठेवर लक्ष

दिवसातून काही वेळा पडणारी तपकिरी, चिकट विष्ठा स्वाभाविक असते. गुदद्वारापाशी विष्ठा चिकटून वाट बंद झाल्यास कोमट पाण्याच्या फडक्याने हळुवार पुसावे आणि ऊब व खाद्य तपासावे. विष्ठेत रक्त दिसताच आजारी पिल्ले वेगळी करून नजीकचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषधाचे प्रमाण मनाने ठरवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिल्ले वाटण्यापूर्वी प्रत्येक घरी खाद्य, ऊब व कोरडी जागा यांची तयारी झाली आहे काय, हे स्वतः पाहावे. पिलांच्या किमतीबरोबर पहिल्या सहा आठवड्यांच्या खाद्याचा खर्चही कुटुंबास आधीच सांगावा. तो झेपत नसेल, तर पन्नासांऐवजी दहाच पिल्ले घेण्याचा सल्ला द्यावा. पोटभर योग्य अन्न मिळालेली दहा पिल्ले अर्धपोटी पन्नासांपेक्षा घराला अधिक लाभ देतील.