अप्पेपात्रातलं ओसाका

ताकोयाकीचं, म्हणजे ओसाकातल्या पिठाच्या गोल गोळ्यांचं, पीठ ओतताना ते खळग्यांच्या बाहेर सांडू द्यावं लागतं. अप्पे करून तयार झालेल्या हाताला हे पटत नाही. खळगा पाऊण भरला की हात आपोआप थांबतो. छत्रपती संभाजीनगरमधल्या एका महाविद्यालयात, आनंदनगरीच्या आदल्या संध्याकाळी, चौघांचा एक गट नेमका याच सवयीशी झगडत होता. समोर बारा खळग्यांचं बिडाचं अप्पेपात्र, खाली गॅसची शेगडी, एकाच्या हातात दाभण. "अगं, सांडू दे की! सांडलेलंच तर आत ढकलायचंय," तो म्हणत होता. पळी धरलेली मुलगी तरीही आखडत्या हातानं ओतत होती.

आनंदनगरी आपल्याला शाळेपासून ओळखीची. मुलांनी पदार्थ करायचे, स्टॉल लावायचे, विकायचे आणि संध्याकाळी नफा-तोट्याचा हिशेब मांडायचा. इथे त्याची स्पर्धा केली होती आणि विषय दिला होता जपानमधल्या रस्त्यावरच्या खाण्याचा. चौघांचा गट, सगळं शाकाहारी, शहराच्या बाजारात मिळतं तेवढंच सामान, एका प्लेटची किंमत 60 रुपयांपर्यंत. मूळ पदार्थ जपानी हवा. पण तो इथल्या माणसासाठी नव्यानं घडवलेला हवा.

या शहराला जपान फार दूरचा नाही. अजिंठ्याच्या ओढीनं जपानी बौद्ध भाविक इथे येत आले आहेत. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाचा आणि पर्यटन विकासाचा मोठा प्रकल्प जपानच्या कर्जसाहाय्यातून उभा राहिला. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात येते, त्याच्या उभारणीतही जपानचं सहकार्य आहे. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून तर जपानी भाषेच्या शिकवण्यांची चौकशी करणारी मुलं मला सारखी भेटतात.

निकालाची पद्धतही आयोजकांनी जपानकडूनच घेतली होती. तिथे 2006 मध्ये हाचिनोहे या शहरात 'बी-1 ग्रां प्री' नावाची स्पर्धा सुरू झाली. गावोगावचे गट आपापल्या भागातला स्वस्त, रोजचा पदार्थ घेऊन येतात आणि खाणारे आपल्या हातातल्या चॉपस्टिक्स आवडलेल्या गटाच्या पेटीत टाकतात. शेवटी त्या काड्यांचं वजन करतात. पहिल्या दोन्ही वर्षी फुजिनोमिया या शहराच्या याकिसोबानं, म्हणजे परतलेल्या नूडल्सनं, बाजी मारली आणि ते शहर नकाशावर आलं. इथेही प्रत्येक प्लेटबरोबर एक लाकडी काडी मिळणार होती. बाहेर पडताना ती हव्या त्या गटाच्या पेटीत टाकायची.

ताकोयाकीच्या गटापुढे पहिला प्रश्न होता तो मूळ पदार्थात असणाऱ्या ऑक्टोपसचा. शाकाहाराच्या अटीमुळे तो बाद. त्याच्या जागी काय घालायचं? पनीर घातलं तर ते गरम पिठाइतकंच मऊ लागत होतं. मश्रूमला पाणी सुटून गोळा फुटत होता. शेवटी त्यांनी मूळ पदार्थाकडे नीट पाहिलं. बाहेरून पातळ, खरपूस कवच, आत जवळजवळ ओघळणारं मऊ पीठ आणि त्या मऊपणात दाताला अडणारा एक तुकडा. ऑक्टोपसचं काम चवीपेक्षा चिवटपणाचं जास्त, हे कळल्यावर उत्तर किराणा दुकानातच सापडलं. सोयाबीनच्या वड्या भिजवून, घट्ट पिळून, सोया सॉसमध्ये परतल्या आणि तुकडा अगदी हवा तसा अडू लागला. मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक. आणि सोया सॉस बनतो तो सोयाबीन नि गहू आंबवूनच. शेतातलं पीक एकाच गोळ्यात दोन रूपांनी आलं.

पुढची अडचण पाण्याची होती. ताकोयाकीचं पीठ साध्या पाण्यात कालवत नाहीत. कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेल्या माशाचे पापुद्रे उकळून काढलेल्या 'दाशी'त कालवतात. त्या कोंबूमधूनच किकुनाए इकेदा या टोकियोतल्या रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं आणि उमामी या चवीला शास्त्रात जागा मिळवून दिली. ती चव पिकलेल्या टोमॅटोत असते, वाळवलेल्या मश्रूममध्येही असते. गटानं दोन्ही मंद आचेवर उकळून, गाळून घेतलं. त्या पाण्यात मैदा, थोडी तांदळाची पिठी आणि मक्याचं पीठ कालवलं. पीठ ताकाइतकं पातळ ठेवलं.

आता सांडणं. पात्र धूर येईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलेली बटाट्याची अर्धी फोड प्रत्येक खळग्यातून फिरवली. पीठ ओतलं तशी चर्रकन वाफ उठली. या वेळी मुलीनं हात आवरला नाही आणि पात्राचा सगळा पृष्ठभाग पिठानं झाकला गेला. प्रत्येक खळग्यात वडीचा एकेक तुकडा, वरून कांद्याची पात, बिटाच्या रसात आणि लिंबात मुरवलेलं आलं, आणि मूठभर खारी बुंदी. जपानी स्वयंपाकी इथे तेम्पुरा तळताना तेलात उरलेला चुरा घालतात. बुंदी म्हणजे तरी तळलेल्या पिठाचे थेंबच. कडा आळल्या तशी दाभणानं खळग्यांच्या मधून उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, त्या पापुद्र्याचे चौकोन झाले. प्रत्येक चौकोनाची टोकं आत दुमडायची आणि गोळा पाव फेरा फिरवायचा. फिरवला की आतलं कच्चं पीठ खाली वाहतं आणि दुसरी बाजू तयार होते. पुन्हा टोकं आत, पुन्हा पाव फेरा. अप्पा एकदा उलटला की झाला. ताकोयाकी सतत फिरवत राहावी लागते आणि या फिरवण्यातूनच तिला गोल आकार येतो. बाहेर सांडलेलं पीठ नसतं तर दुसरा अर्धा गोल आला असता कुठून? त्या मुलीच्या हाताला हे पटलं, त्यानंतर तिची पळी थांबली नाही.

"आतून कच्चं राहिलंय का रे?" मी विचारलं.

"नाही सर, आत तसंच लागतं. मात्र आधी फुंकर घाला, जीभ भाजते."

सॉसनं मला सगळ्यात जास्त आनंद दिला. हिरोशिमाची ओताफुकु ही कंपनी ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबी घातलेल्या जपानी धिरड्याच्या, आपल्या दाट, गोड-आंबट सॉसमध्ये खजूर घालते. भेळेची खजूर-चिंचेची चटणी अर्धं अंतर आधीच चाललेली होती. गटानं तिच्यात सोया सॉस घातला, लसूण घातला, जिरं काढून टाकलं. चाखून पाहिल्यावर ती भेळेची वाटत नव्हती आणि परकीही वाटत नव्हती.

शेजारच्या टेबलांवर इतर गटांची धडपड चालली होती. ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या त्रिकोणांच्या, गटानं इंद्रायणी तांदूळ आणला होता. मोकळ्या बासमतीचा गोळा वळला जात नाही, चिकट भाताचाच वळतो. हाताला मीठ-पाणी लावून, भात गरम असतानाच त्रिकोण दाबायचे. आत जपानी लोक खारवलेलं आंबट फळ घालतात, यांनी मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड आणि शेंगदाण्याचा ठेचा घातला. दोरायाकीच्या, म्हणजे गोड सारण भरलेल्या मऊ चकत्यांच्या, गटाचं अर्धं काम तो पदार्थ आवडीनं खाणाऱ्या कार्टूनमधल्या डोरेमॉननं आधीच करून ठेवलं होतं. लाल कडधान्याच्या गोड सारणाऐवजी त्यांनी पुरण भरलं. पण पोळीचं पुरण या मऊ चकत्यांना ओलं करतं, म्हणून ते कढईत बराच वेळ आटवून कोरडं केलं. चौथा गट ओकोनोमियाकीचा. मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ, भरपूर चिरलेला कोबी, आणि पीठ हलकं व्हावं म्हणून जपानी चिकट कंदाच्या जागी किसलेली अळकुडी. तव्यावरून धपाट्याचा ओळखीचा वास येत होता, पण तोंडात घातल्यावर कोबीचा करकरीतपणा निराळाच लागला.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, गर्दी आल्यावर झाली. भवानी झाली ती ओनिगिरीच्या स्टॉलवर, कारण त्यांचा माल तयार होता. ताकोयाकीच्या स्टॉलपुढे मात्र रांग साचत गेली. पहिल्या दिवसापासून चवीचा ध्यास घेतलेल्या या मुलांपुढे आता वेळेचा हिशेब उभा राहिला. बारा खळगे, एका प्लेटमध्ये सहा नग, म्हणजे एका पात्रातून दहा मिनिटांत दोन प्लेटी. तीन पात्रं एकाच वेळी चालवून तासाला 36 प्लेटी, 60 रुपयांप्रमाणे 2160 रुपये. रांगेतली माणसं मात्र कंटाळून पुढच्या स्टॉलकडे वळत होती.

गल्ल्यावर बसलेल्या मुलीनं एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडेमोड केली आणि पाटीवरची किंमत खोडली. चार नग, 40 रुपये. तासाला 54 प्लेटी. गल्ला तोच, 2160. पण तेवढ्याच वेळात दीडपट माणसं खाऊन गेली आणि दीडपट काड्या लोकांच्या हातात पडल्या. दुसरा बदल दाभण धरणाऱ्या मुलानं केला. तिन्ही पात्रं एकदम भरायची थांबवून त्यानं तीन-तीन मिनिटांच्या अंतरानं भरायला सुरुवात केली. एक पात्र भरायचं, दुसरं फिरवायचं, तिसरं उतरवायचं. माल तेवढाच, पण थोड्या-थोड्या वेळानं प्लेट हातात पडू लागली तशी रांग टिकली. ओकोनोमियाकीच्या गटानंही हाच धडा आपल्या परीनं घेतला: एकेक छोटं धिरडं घालणं सोडून मोठ्या तव्यावर एकच मोठं घातलं आणि उलथन्यानं चार भाग करून विकलं.

रस्त्यावरचा पदार्थ असाच घडतो, असं माझं ठाम मत आहे. कल्पना घरी सुचते. पदार्थ मात्र गाड्यावर, अडचणीत आणि घाईत आकाराला येतो. ताकोयाकीचा इतिहास हेच सांगतो. ओसाकात एंदो तोमेकिची हे पिठाच्या गोळ्यांत बैलाच्या मांसाचे तुकडे घालून विकत होते. जवळच्या आकाशी शहरात ऑक्टोपस घालतात, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं आणि 1935 मध्ये त्यांनी तो घालून पाहिला. आज तिची ओळख झालेला सॉस तर पुढे, युद्धानंतर तिच्यावर आला. हिरोशिमाची ओकोनोमियाकी आधी पोरांच्या खाऊचं पातळ धिरडं होती. 1945 नंतर बेचिराख शहरात मदतीचा गहू आला, तेव्हा त्या धिरड्यावर कोबीचे, पुढे नूडल्सचे थर चढले आणि एका माणसाचं पोट भरेल असं जेवण तयार झालं. आपला वडापावही त्याच वाटेचा. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला तो गाडी पकडायच्या घाईतल्या माणसासाठी. खुद्द या शहराचा नान-खलिया हा पदार्थ तुघलकाच्या सैन्याबरोबर आला असं सांगतात. हजारो माणसांना एकदम खाऊ घालायच्या गरजेतूनच तो जन्मला असावा.

म्हणून या मुलांनी ऑक्टोपसच्या जागी सोयाबीन घातलं याचं कौतुक मला आहेच, पण सहाचे चार नग केले याचं अधिक आहे. पहिल्या बदलासाठी मूळ पदार्थ काय करतो हे समजून घ्यावं लागलं. दुसऱ्या बदलासाठी समोर उभा असलेला माणूस समजून घ्यावा लागला. दोन्ही समजल्याशिवाय केलेला 'फ्यूजन' म्हणजे नुसतं वर पेरलेलं चीज.

संध्याकाळी काड्यांच्या पेट्या काट्यावर चढल्या. सगळ्यात आधी माल संपवलेला ओनिगिरीचा गट तिसरा आला, ताकोयाकी दुसरी, पहिला नंबर ज्वारीच्या ओकोनोमियाकीनं नेला. निकाल मला योग्य वाटला. ज्वारीच्या चवीत या मातीतल्या माणसाला आपलं काहीतरी मिळालं होतं आणि कोबीच्या करकरीतपणात काहीतरी नवं.

पुढच्या वर्षासाठी आयोजकांना माझी एकच सूचना आहे. काड्यांच्या जोडीला परीक्षकही नेमा आणि त्यांच्या खुर्च्यांवर प्राध्यापकांच्या शेजारी शहरातले दोन-तीन जुने गाडेवाले बसवा. पीठ किती पातळ हवं, आच कधी कमी करायची, रांग कशी हलवायची, दिवसअखेर उरलेल्या मालाचं काय करायचं, हे त्यांना रोजच्या पोटापाण्याच्या व्यवहारातून कळलेलं असतं. मुलांना त्यांच्याकडून शिकता येईल, आणि एवढी वर्षं शहराला खाऊ घालणाऱ्या त्या माणसांना आपल्या कामाचा मान, उघडपणे आणि सगळ्यांसमोर, मिळेल.